छताकडे गेलेला हात

माझा धाकटा भाऊ पुण्याकडच्या एका मोटार कंपनीत आहे आणि त्याचं काम गाडीतून वस्तू काढण्याचं आहे. चोरून नव्हे, चांगला पगार घेऊन. एखादं मॉडेल बाजारात चालायला लागलं की त्याच्या खात्याची माणसं ती गाडी एका मोठ्या हॉलमध्ये नेऊन पार उकलतात, स्क्रूपासून सीटपर्यंत सगळं टेबलांवर मांडतात आणि त्या टेबलांभोवती हिंडतात. एकेक वस्तू उचलायची आणि विचारायचं, ही नसली तर कोणाला कळेल? कोणालाच कळणार नसेल तर ती पुढच्या वर्षीच्या गाडीत नसते.

अकोल्याला आमच्या घरी आई आणि मी, दोघीच. मी शाळेत शिकवते. माझं लग्न झालं होतं, ते टिकलं नाही, आणि त्यावर ज्यांना बोलायचं होतं ते बोलून दमले आहेत. भाऊ दिवाळीला येतो. पुण्यात तो कसा बोलतो देव जाणे, पण आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की वऱ्हाडीवर येतो. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आईनं त्याच्यासाठी निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती, आणि जेवता जेवता तो रंगात येऊन आपल्या कामाचं सांगत होता.

"बोनेटच्या खालून रंगाचा शेवटचा हात आता मारतच नाई आमी. कोण वाकून पायते? मांगं रिव्हर्सचे दोन लाइट होते, एकच ठेवला. डाव्या दाराचं किल्लीचं भोक बुजवलं. डिक्कीतलं कापड पातळ केलं. एका गाडीमांगं चिल्लर वाचते, पण गाड्या किती निंघतात ते पाय ना!"

आईनं चुलीवरच्या भांड्यातलं ढवळत म्हटलं, "म्हंजे पाहुणे वाढले की वरनात तांब्याभर पानी."

"अगदी तसंच, माय! पण चव बदलली नाई पायजे. खानाऱ्याले कळलं की आमी नापास."

आईला हे फार आवडलं. आपल्या मुलाचं काम काय ते तिला पहिल्यांदाच कळलं होतं, आणि ते तिला येत असलेलंच काम निघालं. शेजारच्या काकूंना ती दुसऱ्या दिवशी सांगत होती, माह्या पोराच्या कंपनीत वरनात पानी घालतात, पण असं घालतात की भल्याभल्याले कळत नाई.

त्या जेवणात त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. दारांच्या वर, छताला जी धरायची हँडलं असतात, ती काढून टाकायची कल्पना त्याची स्वतःची. सर्व्हिसिंगला आलेल्या गाड्या त्यानं जाऊन पाहिल्या होत्या. हँडलांवर धुळीचा थर. कोणी हातच लावत नाही. "हँडल गेलं की त्याचे स्क्रू गेले, छताच्या आतली लोखंडी पट्टी गेली, बसवणाऱ्याचा वेळ वाचला. मीटिंगमधी साहेबानं उठून हात मिळवला माह्याशी."

आईनं आणखी एक रोडगा फोडून त्याच्या ताटात ठेवला आणि वर तुपाची धार सोडली. मीही हसले. दारात आमची जुनी गाडी उभी होती, त्याच मॉडेलची, आणि तिच्या डाव्या दारावरच्या हँडलावर धूळ बसायला कधी वेळच मिळाला नव्हता. पण ते त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही. आईच्या आलं असेल तर तिनं दाखवलं नाही.

आता आईचं आणि त्या हँडलाचं सांगते.

आईचे गुडघे गेले होते. सपाट जागेवर ती काठी टेकत चाले, पण उठबस म्हणजे परीक्षा. तरी कोणी दंडाला धरलं की खवळायची. "मले धरू नको, मी काय कापसाचं गाठोडं हाय?" बाबा शेवटी शेवटी अंथरुणाला खिळले होते. त्यांना दोघातिघांनी मिळून उचलून इकडचं तिकडं ठेवावं लागे, आणि बाबा त्या वेळी भिंतीकडे तोंड करत. आईनं ते पाहिलं होतं. तेव्हापासून तिचं ठरलेलं, आपल्याला कोणी उचलायचं नाही.

गाडीत बसायची तिची रीत अशी: काठी माझ्याकडे द्यायची, दाराकडे पाठ करायची, डोक्यावरचं हँडल घट्ट धरायचं आणि विहिरीत पोहरा सोडावा तसं स्वतःला सीटवर हळूहळू सोडायचं. मग पाय एकेक करून आत. उतरताना सगळं उलट. मी नुसती काठी घेऊन उभी. हँडलाचा खडबडीतपणा तिच्या मुठीनं घासून गुळगुळीत झाला होता.

अशी बसून ती कुठं जायची? अमरावतीला. दुसरीकडे कुठंच नाही. तिथं तिची थोरली बहीण होती, माझी मावशी. दोघींचं माहेर हिवरखेडचं. भाऊ नाही, या दोघीच. मावशी आईहून बरीच मोठी, तिला गाडीचा प्रवास झेपत नसे, म्हणून जायचं ते आईनंच. मावशीला ऐकूही कमी येई. फोनवर ती नुसतं "हो, हो" म्हणे आणि आई चिडून फोन माझ्या हातात देई. "हिच्याशी बोलाचं तं तोंडासमोर बसूनच," असं म्हणून महिन्यातून एकदोनदा ती मला रविवारी गाडी काढायला लावी. कुरणखेडच्या पुलावर नदीला हात जोडायचे, मूर्तिजापूरला गाडीतच बसून चहा, आणि बडनेरा आलं की केस सारखे करायचे. मावशीकडे पोचल्यावर दोघी शेजारी बसत आणि दिवसभर काय बोलत ते मला आजही सांगता येणार नाही. हिवरखेडच्या एका आंब्यावरून तर वर्षानुवर्षं भांडत होत्या. तो मळ्यात उजवीकडे होता की डावीकडे, एवढंच.

वर्षातली एक खेप मात्र चुकवायची नाही, भादव्यातली. माहेरच्या महालक्ष्म्या भाऊ नसल्यामुळे मावशीकडे आल्या होत्या. पितळी मुखवटे, थोरली आणि धाकटी. या महालक्ष्म्याही बहिणीच. मावशीच्या घरी रीत पडली होती की थोरलीला साडी मावशीनं नेसवायची आणि धाकटीला आईनं. सुनांनी सगळं करावं, सोळा भाज्या चिराव्यात, पुरण वाटावं, आंबील करावी, पण त्या दोन साड्यांना कोणी हात लावायचा नाही. आई तासभर निऱ्या घालत बसे. मावशी आपली आधी नेसवून मोकळी होई आणि म्हणे, "तुही धाकटी अजून उघडीच हाय का व?" दरवर्षी हेच, आणि दोघी दरवर्षी हसत.

त्या दिवाळीनंतरच्या गुढीपाडव्याला भावानं नवी गाडी पाठवली. जुनी द्यायची, नवी घ्यायची, कंपनीच्या माणसाला मिळणारी सूट होती. "तेच मॉडेल हाय, माय. तोच रंग. फकस्त नवी कोरी," तो म्हणाला. तो स्वतः आला होता. जुनी गाडी नेली त्या दिवशी मला थोडं वाईट वाटलं, पण वस्तूंमध्ये जीव अडकवू नये असं मी मुलांना शिकवते, म्हणून गप्प राहिले.

नव्या गाडीची पूजा झाली. हळदकुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू. आमच्याकडे नव्या वाहनात घरातल्या थोरल्या बाईनं आधी बसायचं असतं. आई नवं लुगडं नेसली होती. काठी माझ्या हातात दिली, पाठ वळवली आणि सवयीनं हात वर केला. भाऊ समोर फोन धरून उभाच होता.

तो फोटो फार सुरेख आला. उघड्या दारात आई, अर्धी वाकलेली, उजवा हात वर, बोटं पसरलेली, तोंड किंचित उघडं. सगळे म्हणाले, वा, कशी आशीर्वाद देते आहे! भावानं तो फोनवर लावून ठेवला, ऑफिसात नेला, आणि त्यांच्या खात्यात त्या मॉडेलच्या तक्त्याशेजारी मोठा करून चिकटवला म्हणे. पुढं मला कळलं की फोटोतला तो हात कोणाला काही देत नव्हता, धरायला काहीतरी शोधत होता. गुळगुळीत छतावर काही सापडलं नाही आणि फोटो निघाल्यावर आई धपकन सीटवर पडली. "नवी सीट मऊ हाय," ती म्हणाली. आम्ही तेही कौतुकच समजलो.

त्यानंतर ती अमरावतीला गेली नाही.

आधी ऊन फार आहे म्हणाली. खरंच होतं, चैत्र-वैशाखात अकोल्याचं ऊन म्हणजे तापलेला तवा. मग पाऊस येऊन राहिला म्हणाली. मग पोट बरोबर नाही. मग, रस्त्याचं काम चालू असेल. माझ्या आईचं काय सांगू, डॉक्टरला ती तोंडावर म्हणाली होती, तुमची गोळी काही कामाची नाई. जावयाला, म्हणजे माझ्या तेव्हाच्या नवऱ्याला, तिनं काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. आम्ही वऱ्हाडी माणसं फटकळ म्हणून पुण्यात बदनाम आहोत. मिठाच्या कणावरून आमच्यात भांडण होतं. अशा बाईला एखादी गोष्ट नको असेल तर ती सरळ नको म्हणेल, हे आम्ही इतकं धरून चाललो होतो की तिच्या सबबी आम्हाला सबबी वाटल्याच नाहीत. मला वाटलं, थकली. वयानं बहिणीची ओढ कमी होत असेल. असं कसं वाटलं मला, याचा आज संताप येतो.

गाडीशिवाय दुसरा मार्गही नव्हता. एस.टी.ची पायरी उंच, रेल्वेची त्याहून उंच.

भादवा आला. मी साड्या काढल्या, तर आई म्हणाली, "तू जाय. धाकटीची साडी घेऊन जाय."

"आणि नेसवणार कोण?"

"नेसवन कोनीतरी. माह्यानं आता इतका वेळ बसवत नाई."

मी चिडले, दोन शब्द जास्तच बोलले आणि एकटी निघाले. अमरावतीला मावशी दाराशीच खुर्ची टाकून बसली होती. मी गाडीतून उतरले, तरी ती माझ्यामागे पाहत राहिली. मग विचारलं, "ते काहून नाई आली?"

मी मोठ्यानं सांगितलं, बरं नाही तिला. मावशीला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिनं थोरलीला साडी नेसवली आणि धाकटीसमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मुहूर्त टळायला आला तेव्हा सून पुढं झाली, तर मावशी म्हणाली, "थांब. येईन ते." सगळे थांबलो. शेवटी सुनेनंच नेसवली, पटकन, बरी नेसवली. मावशीनं मान दुसरीकडे केली. आरती झाल्यावर मला जवळ बोलावून ती म्हणाली, "दोघी एका दारातून येतात, बाई. एकीले एकटं बसवाचं नसते." घरी येऊन मी हे आईला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि टरफलं बराच वेळ मुठीतच धरून ठेवली.

थंडीत मावशी गेली. झोपेतच गेली, त्रास झाला नाही, असं सगळे सांगत होते.

सकाळी फोन आला आणि आई लगेच उठून उभी राहिली. चल म्हणाली. मी गाडीचं दार उघडलं. ती पाठ वळवून उभी राहिली आणि तशीच राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "शेजारच्यांले बोलाव. उचला मले."

शेजारचे काका, त्यांचा मुलगा आणि मी. आम्ही तिला उचलून सीटवर ठेवलं. तिनं तोंड सीटच्या पाठीकडे केलं होतं. बाबा भिंतीकडे करत, तसं.

पुलावर तिनं हात जोडले नाहीत. मूर्तिजापूरला मी विचारलं, चहा? तिनं नको म्हणून मान हलवली. अमरावतीला पोचल्यावर लोक धावत आले, तिला उतरवायला, आणि त्या गडबडीत मी पाहिलं की तिचा हात आपोआप वर गेला, छत चाचपून आला आणि मांडीवर पडला. अख्खं वर्ष माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. ऊन, पाऊस, पोट, शेंगा, फोटो, सगळं.

घरी परतल्यावर मी विचारलं. ती म्हणाली, "धराले काहीच नाई व त्याच्यात. कशी बसू?"

"मग सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? त्यानंच काढलं ते. साहेबानं हात मिळवला म्हने त्याच्याशी." मग म्हणाली, "त्याले नको सांगू. तुले माही शपथ हाय."

म्हणजे त्या दिवाळीला रोडग्यावर तूप ओतत असतानाच तिनं ऐकून ठेवलं होतं. पाडव्याला हात वर गेला तेव्हा तिला क्षणात कळलं असणार, वस्तू कुठं गेली आणि कोणी नेली. आणि मुलाच्या हातातल्या फोनसमोर ती गप्प बसली. आयुष्यभर कोणाची भीड न ठेवणारी बाई एकदाच गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्यात बहिणीच्या शेवटच्या भेटी गेल्या.

मी गाडीच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदारानं छत ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हँडल देतो, पण आत पट्टीच नाई. स्क्रू धरंन कशाले?" आईला हे सांगितलं तर म्हणाली, "राहू दे. लावून तरी आता कुठी जायाचं हाय?"

भावाला मी सांगितलं नाही. शपथ पाळते असा माझा लौकिक नाही, पण ही पाळली. प्रत्येक फोनवर ओठांशी यायचं. तो सांगे, माय, तुझा फोटो पाहून नवीन आलेली पोरं नमस्कार करतात. आई म्हणे, "चांगला आला फोटू."

मावशीचं वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या भादव्यात अमरावतीहून मावशीच्या सुनेचा फोन आला. धाकटीला साडी तुम्हीच नेसवायची, सासूबाई सांगून गेल्या आहेत. आई नाही म्हणाली. भावाला कळलं तेव्हा तो रजा काढून आला. "मी नेतो तुले. माह्या गाडीतून माही माय जानार नाई तं कोन जाईन?"

त्याचा आग्रह तिला मोडता येत नसे. साडी पिशवीत घातली. शेजारच्यांना बोलावू का, असं मी डोळ्यांनी विचारलं. तिनं डोळ्यांनीच नाही म्हटलं. त्याच्यासमोर नाही.

भावानं दार उघडलं आणि पाडव्याला उभा होता तिथंच उभा राहिला. आईनं काठी माझ्याकडे दिली, पाठ वळवली, एक हात सीटवर टेकला आणि खाली जायला लागली. दुसरा हात वर गेला आणि छतावर फिरला. एकदा, मग पुन्हा, थोडा मागं, जिथं जुन्या गाडीत मूठ बसायची तिथं.

भाऊ हसत होता. त्या हाताकडे पाहता पाहता त्याचं हसू थांबलं. त्यानं छताकडे पाहिलं. तिथं काय असायचं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्यानं खिशातल्या फोनवर हात ठेवला, पण फोन बाहेर काढला नाही. तो खाली वाकला, तिच्या अगदी जवळ, आणि म्हणाला, "माय, तू हात... त्या दिवशी पन तू..."

आई सीटवर कोसळली होती, पण हात अजून वरच होता. तिनं तो खाली आणला आणि आणता आणता त्याच्या डोक्यावर ठेवला.

"आशीर्वाद देऊन राहिली, बापू," ती म्हणाली. "चाल आता. धाकटी बसली असंन वाट पाहात."

तिचे पाय त्यानंच एकेक करून आत ठेवले, दार हळूच लावलं, वळसा घालून आला आणि चालवायला बसला. मी मागं बसले होते. किल्ली लावलेली होती, पण कितीतरी वेळ त्याला गाडी सुरू करता आली नाही.